फक्त फिनिशिंग राहिलंय

काही माणसांना बंद वस्तू बघवत नाही. घड्याळ हातात आलं की आधी मागचं झाकण उघडतील. इस्त्री जरा कमी तापली की पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर काढतील. पण यातली बहुतेक माणसं उघडलेली वस्तू पुन्हा बंद करतात. एखादा स्क्रू उरतो, तो खिशात जातो आणि संसार पुढे चालू राहतो.

त्यांच्यातली एक पोटजात मात्र अशी आहे की ती उघडलेलं पुन्हा झाकायला तयार नसते. ही माणसं कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला कडेच्या पत्र्यात चक्क खिडकी पाडतात, तिला अ‍ॅक्रिलिकचं तावदान बसवतात, आत दिवे लावतात आणि मग घरी आलेल्या प्रत्येकाला दंडाला धरून तिथे नेतात. बरं, खिडकी चौकोनी असावी तर तेही नाही. चौकोन यांना कमीपणाचा वाटतो. ज्वाळा पाहिजेत, गरुड पाहिजे, वटवाघूळ पाहिजे, नाहीतर दात विचकलेली कवटी पाहिजे.

आमच्या घराण्यात या पोटजातीचा नमुना म्हणजे माझा मेव्हणा. वय पंचेचाळीस, डोंबिवलीत दोन खोल्या-किचनचा ब्लॉक, विमा कंपनीत हिशेबाचं काम. डोक्यावरचे केस विरळ झाले तरी घरात त्याला सगळे अजून बाळच म्हणतात. या बाळच्या कॉम्प्युटरची रॅम 32 जीबी आहे आणि त्यावर दर महिन्याला विजेचं बिल भरलं जातं. सोसायटीच्या मेंटेनन्सची एक्सेल शीटही त्यावरच आहे. एवढ्यासाठी एवढं मोठं मशीन कशाला, असं मी एकदा विचारलं. त्याने माझ्याकडे करुणेने पाहिलं आणि म्हणाला, "भावजी, काम करायला ऑफिसचा कॉम्प्युटर आहे की."

बाळला ओळखायच्या दोन खुणा आहेत. पहिली म्हणजे कुठेही गेला की पत्रा वाजवून बघतो. लग्नाची बोलणी करायला गेलो होतो तेव्हा मुलीकडच्यांच्या लोखंडी कपाटावर त्याने बोटाच्या पेराने टक्‌टक्‌ केलं आणि माझ्या कानाशी लागून म्हणाला, "बावीस गेज. जुना माल. आता असा पत्रा येत नाही." मुलीच्या वडिलांना वाटलं, कपाटात काय आहे याची चौकशी चालली आहे. दुसरी खूण म्हणजे त्याचं एक वाक्य. काम कुठवर आलं असं कधीही विचारा, उत्तर एकच: "झालंच. फक्त फिनिशिंग राहिलंय." हे वाक्य तो 2004 च्या सुमाराला पहिल्यांदा म्हणाला. ते कॅबिनेट अजून फिनिश व्हायचं आहे.

बाळच्या बाजूने एवढं सांगितलं पाहिजे की या वेडाची सुरुवात चैनीतून झाली नाही, उष्णतेतून झाली. 1998 साली इंटेलने सेलेरॉन 300ए नावाचा स्वस्तातला प्रोसेसर काढला. नावाप्रमाणे तो 300 मेगाहर्ट्झचा. पण मदरबोर्डवर बसची गती 66 वरून 100 केली की तोच बिचारा 450 वर धावायचा. जगभरच्या कॉलेजातल्या पोरांना लॉटरी लागली. मात्र जास्त धावणारा प्रोसेसर तापतोही जास्त. तेव्हाची कॅबिनेटं म्हणजे दुधाळ पिवळट रंगाचे बंद डबे, मागे 80 मिलिमीटरचा एखादा पंखा, तोही असला तर. मग पोरांनी छताच्या पत्र्याला भोक पाडून तिथे आणखी एक पंखा बसवला. भोक गरजेपोटी पडलं. पण एकदा हातात करवत आली आणि पत्रा कापता येतो हे कळलं, की गरज संपली म्हणून कोण थांबतं? त्याच साली अ‍ॅपलने आतलं दिसणारा निळसर आयमॅक बाजारात आणला होता, त्यामुळे आतलं दिसणं ही शोभेची गोष्ट आहे हे लोकांना पटायला लागलंच होतं.

शिवाय तो काळ कॉम्प्युटर उचलून दुसऱ्याच्या घरी नेऊन खेळण्याचा होता. टेक्सासमध्ये 1996 साली सुरू झालेला क्वेककॉन किंवा स्वीडनमधला ड्रीमहॅक अशा मेळ्यांना शेकड्यांनी पोरं आपापले डबे घेऊन जमायची. घरात टेबलाखाली पडून राहणाऱ्या डब्याला सजावट कशाला लागते? पण डबा चारचौघांत न्यायचा म्हटला की त्याला नवे कपडे आलेच. आमच्याकडचा मेळा म्हणजे बाळच्या मित्राची फडके रोडजवळची खोली. शनिवारी रात्री चार पोरं आपापली कॅबिनेटं चादरीत गुंडाळून रिक्षातून तिथे न्यायची, लांब केबल टाकून एकमेकांना जोडायची आणि पहाटेपर्यंत काउंटर-स्ट्राइकमध्ये एकमेकांना गोळ्या घालायची. तिथे एकाच्या कॅबिनेटला विकतची खिडकी होती. बाळ त्या रात्री पहिल्याच फेरीत मेला आणि उरलेला वेळ खिडकीसमोर बसून राहिला. घरी आला तो म्हणाला, "आई, गॅलरी रविवारी मला लागेल."

त्या आधी लॅमिंग्टन रोडची वारी झाली. पाट्यांवर या रस्त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण ते नाव सांगून पत्ता विचारला तर दुकानदारसुद्धा क्षणभर विचारात पडतो. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरायचं आणि मग दुकानामागून दुकान हिंडायचं, ही बाळची तीर्थयात्रा. तिथे त्याने बारा इंची निळ्या कॅथोड नळ्या घेतल्या, त्यांचा चिमुकला इन्व्हर्टर घेतला आणि सहाशेचा पंखा साडेतीनशेला मागून चारशेला आणला. परतताना कॅबिनेट विकत घ्यायचा मोह आवरला नाही म्हणून डोंबिवली लोकलच्या लगेजच्या डब्यात मासळीच्या टोपल्यांशेजारी उभा राहून आला. ते कॅबिनेट पुढे महिनाभर घरात ओळखू यायचं.

बाकी सामान गावातच मिळालं. अ‍ॅक्रिलिकची तीन मिलिमीटरची शीट नंबरप्लेटवाल्याकडून, कडेला लावायचं रबरी बीडिंग गाड्यांच्या सीट कव्हरवाल्याकडून, डबल टेप स्टेशनरीवाल्याकडून. जिगसॉ मशीन मात्र खालच्या मजल्यावर फर्निचर करणाऱ्या सुताराकडून एका दिवसाच्या बोलीवर. तो सुतार अजून बाळला पाहिलं की मशीनचं विचारतो. तसं बाळकडे स्वतःचंही एक रोटरी टूल होतं, अमेरिकेतल्या आत्तेभावाने आणलेलं. ते 120 व्होल्टवर चालणारं. बाळने कौतुकाने ते आपल्या 230 च्या प्लगमध्ये खुपसलं. मशीन एकदाच खूप जोरात फिरलं. घरभर वास पसरला तेव्हा बाळ म्हणाला, "पण भावजी, स्पीड बघितलात?"

पत्रा कापणं हे वाटतं तेवढं सोपं नाही आणि बाळ ते करतो तेव्हा बघण्याजोगं असतं, हे मी मान्य करतो. आधी आतला सगळा ऐवज बाहेर काढून पलंगावर वर्तमानपत्रात मांडायचा, कारण लोखंडाचा कीस मदरबोर्डवर पडला तर शॉर्ट होतो. मग पत्र्याच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप, त्यावर नक्षीचा कागद डकवायचा. प्रत्येक कोपऱ्यात पंचाने खूण ठोकून ड्रिलने भोक पाडायचं, म्हणजे पातं आत शिरतं आणि वळतं. पत्रा पाऊण मिलिमीटरचाही नसतो, तो पात्याखाली थडथड नाचतो. म्हणून खाली प्लायवूड घेऊन दोन्ही शिकंज्यात आवळायचं. बारीक दातांचं पातं लावायचं आणि घाई करायची नाही. मध्ये पातं तापलं की तेलाचा थेंब सोडायचा. मशीन ऑइल संपलं होतं म्हणून बाळने आईची खोबरेल तेलाची बाटली वापरली आणि गॅलरीत नारळाचा खमंग वास सुटला. डोळ्यांना संरक्षण म्हणून भाचीचा पोहण्याचा गुलाबी गॉगल. हे ध्यान गुडघ्यावर बसून, जीभ किंचित बाहेर काढून, ज्वाळेचं टोक वळवत असतं तेव्हा त्याला हाक मारायची नाही, असा घरचा नियम आहे.

पहिल्या रविवारी एक अडचण अशी झाली की महिना मे होता आणि गॅलरी बाळच्या आधी सासूबाईंनी कुरडयांसाठी धरलेली होती. अर्धी गॅलरी कुरडयांना, अर्धी जिगसॉला, असा तह झाला. पण लोखंडाचा कीस तह पाळत नाही. दुपारी सासूबाई कुरडया उलटायला गेल्या आणि त्यांना पांढऱ्यावर काहीतरी चमचमताना दिसलं. पुढची पाच मिनिटं जे झालं ते लिहिण्यात अर्थ नाही. बाळने मात्र डोकं शांत ठेवलं. जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक काढलं, फडक्यात गुंडाळलं आणि एकेका कुरडईवरून सावकाश फिरवून दिलं. त्या वर्षीच्या कुरडया आम्हीच खाल्ल्या. बाहेर कुणाला दिल्या नाहीत.

ज्वाळा जमल्या. निदान दोन जमल्या. तिसऱ्या ज्वाळेच्या पोटात असताना लोडशेडिंगची वेळ झाली आणि मशीन तिथेच थांबलं. खालच्या मजल्यावरून कुणीतरी "सुटलो" म्हणाल्याचं ऐकू आलं. वीज आल्यावर बाळने पुन्हा सुरुवात केली, पण हात जरा सरकलाच. तिसरी ज्वाळा आंब्याच्या कोयरीकडे झुकली. विचारलं की तो सांगतो, वाऱ्याने तिकडे वळली आहे.

मग तावदान बसवण्याचा विधी. अ‍ॅक्रिलिकच्या दोन्ही बाजूंना चिकटलेला कागद शेवटपर्यंत काढायचा नसतो, नाहीतर ओरखडे पडतात. हा कागद सोलण्यासाठी बाळ घरातल्या सगळ्यांना बोलावतो. टीव्ही बंद होतो. तो एक कोपरा नखाने उचलतो आणि मग अतिशय सावकाश, श्वास रोखून, अख्खा कागद एका तुकड्यात ओढतो. तो आवाज त्याला फार प्रिय आहे. कागद मध्येच फाटला तर दिवस वाईट जातो. सगळं झाल्यावर तो मागे सरकून बघतो आणि आपण काहीतरी बोलावं म्हणून थांबतो. सासरे दरवेळी एकच विचारतात, "आता यात धूळ जाणार नाही ना?" जाते. अ‍ॅक्रिलिकवर स्थिर वीज साठते आणि घरातली सगळी धूळ तिथेच येऊन बसते.

तावदान बसलं, दिवे बसले आणि कॅबिनेट जागेवर ठेवल्यावर लक्षात आलं की खिडकी भिंतीकडे आहे. कॅबिनेटची उघडी होणारी बाजू ठरलेली असते. मदरबोर्ड उजव्या पत्र्याला धरून बसतो, म्हणून खिडकी समोरून पाहता डाव्या अंगाला येते. बाळचं टेबल होतं डाव्या कोपऱ्यात. म्हणजे एवढ्या खटाटोपाने कापलेल्या ज्वाळा फक्त पालीला दिसणार. मग टेबल उजवीकडे न्यायचं ठरलं. तिथे दिवाण होता. दिवाण खिडकीखाली गेला, खिडकीखालचं शिवणयंत्र स्वयंपाकघरात गेलं, स्वयंपाकघरातला फ्रिज बाहेरच्या खोलीत आला आणि सासऱ्यांची आरामखुर्ची दारामागे. तेव्हापासून बेल वाजली की आधी सासरे उठतात, मग दार उघडतं.

सासऱ्यांना या खिडकीचा एक फायदाही झाला. कॅथोड नळ्यांचा इन्व्हर्टर बारा व्होल्टचे काही शे व्होल्ट करतो आणि हे करताना आसपासच्या मीडियम वेव्हच्या रेडिओत खरखर उठवतो. धडधाकट पत्रा असता तर थोडीफार अडली असती, पण पत्र्याला बाळने खिडकी पाडलेली. सासऱ्यांच्या उशाशी ट्रान्झिस्टर असायचा. रात्री बारा वाजता त्यांनी तो हळूच लावायचा आणि खरखर आली की आतूनच ओरडायचं, "बाळ, झोप आता!" यांना भिंतीपलीकडून कळतं कसं, हे कोडं बाळला बरेच महिने सुटलं नव्हतं.

दुसरी खिडकी गणपतीची. सासूबाईंचा विरोध मावळावा म्हणून निवडलेली. सुरेख बाह्यरेषा, डाव्या सोंडेची, घरातल्या मूर्तीवरून काढलेली. पण जिगसॉचा तळ ज्या बाजूवरून फिरतो त्या बाजूच्या रंगावर चरे उठतात, म्हणून बाळने हुशारी करून नक्षी पत्र्याच्या आतल्या बाजूला डकवली आणि आतूनच कापली. काम अप्रतिम झालं. पत्रा सुलटा करून बसवला, दिवा लावला, सगळे जमले. सासूबाईंनी हात जोडले आणि जोडलेले हात तसेच ठेवून म्हणाल्या, "अरे बाळ, हा उजव्या सोंडेचा झाला!"

उजव्या सोंडेचा गणपती कडक. त्याचं सोवळंओवळं नीट पाळावं लागतं, अशी त्यांची पक्की श्रद्धा. पत्रा काढून टाकावा तर तेही अशुभ. शेवटी ठरलं की पारोशाने कुणी कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. सुट्टीच्या दिवशी दुपारी एकपर्यंत पायजम्यात हिंडणारा बाळ त्या दिवसापासून सकाळी आठला आंघोळ करून टॉवेलवर मेल बघायला लागला. सासरे म्हणाले, "मी वीस वर्षं घसा कोरडा केला. एका पत्र्याने काम झालं." कॉम्प्युटर कधी अडकला की सासूबाई पहिला प्रश्न विचारायच्या, "पारोशाने कोणी बटण दाबलं?" आणि दुर्दैवाने बहुतेक वेळा दाबलेलं असायचं.

संकष्टीला त्यांनी कॅबिनेटच्या डोक्यावर दूर्वांची जुडी ठेवायला सुरुवात केली. डोक्यावर गरम हवा बाहेर फेकणारा पंखा होता. "आई, एअरफ्लो!" म्हणून बाळ किंचाळायचा. एका संकष्टीला जुडीतली एक दूर्वा जाळीतून आत गेली, पात्यात अडकली आणि पंखा बंद पडला. ते कुणाला कळलं? सासूबाईंना. कशातून? खिडकीतून. "बाळ, तुझं ते गोल फिरत नाहीये," त्यांनी स्वयंपाकघरातून जाता जाता सांगितलं. बाळ त्या दिवशी जेवताना दोनदा म्हणाला, "बघितलंत? खिडकीचा उपयोग असतो."

पुढे बाळचं लग्न झालं आणि कॉम्प्युटर आतल्या खोलीत गेला. रात्रभर काहीतरी डाउनलोड होत राहायचं आणि गणपतीतून निळा उजेड छतावर पडायचा. आमच्या नव्या वहिनींनी आठ दिवस सहन केलं. नवव्या दिवशी शिवणयंत्र काढलं आणि जुन्या परकराच्या काठाचा एक सुबक पडदा शिवून खिडकीवर टांगला. बाळ दुखावला. दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की सेलोटेपने चिकटवलेला पडदा एका बाजूने लोंबतो आहे. ते त्याच्याने बघवेना. त्याने छत्रीची काडी कापून पडद्याला छोटी दांडी केली, दोन हुक बसवले, बाजूला सारून बांधायला दोराही लावला. आता पाहुणे आले की तो आधी पडदा सारतो. वहिनी म्हणतात, "इतकी वर्षं बेडरूमच्या खिडकीचा पडदा शिवायचा राहिलाय, पण याला आहे."

त्याचा तिसरा मोठा प्रयोग अक्षरांचा. सासऱ्यांना पंच्याहत्तरी पूर्ण झाली तेव्हा त्यांच्यासाठी एक कॉम्प्युटर जोडून त्याच्या पत्र्यावर 'बाबा' अशी अक्षरं कापायचं त्याने ठरवलं. शिरोरेषा कापली, काने उतरवले आणि पहिल्या ब ची गोलाई पूर्ण होताक्षणी त्या ब चं पोट खण्णकन फरशीवर पडलं. पोट गेलं तशी पोटातली तिरपी रेघही गेली. दुसऱ्याचंही तेच झालं. कापलेल्या अक्षराच्या मधला भाग कशाला तरी धरून राहायला लागतो, हे नंबरप्लेटवाल्याने त्याला समजावून सांगितलं. "साहेब, मध्ये दांडी सोडायची. आम्ही टँकरवर नाव मारतो त्या पत्र्याला सोडतो तशी." बाळने पडलेली दोन्ही पोटं उचलली, अ‍ॅक्रिलिकवर आतून चिकटवली, त्यावर पातळ रेघा आखल्या. एक पोट किंचित खाली बसलं आहे. सासऱ्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "छान झालंय. फक्त फिनिशिंग राहिलंय." घरात हे वाक्य बाळखेरीज दुसऱ्या कुणी म्हणण्याची ती पहिली वेळ होती.

या माणसाला हसणं सोपं आहे आणि आम्ही घरचे त्यात कसूर करत नाही. पण 2020 साली शाळा बंद होऊन वर्ग ऑनलाइन भरायला लागले तेव्हा बाळच्या माळ्यावरचा सगळा कबाडखाना खाली उतरला. जुन्या मदरबोर्डांतून त्याने दोन चालते कॉम्प्युटर उभे केले. एक समोरच्या विंगेतल्या दोन बहिणींना, एक वॉचमनच्या मुलाला. दोन्हींना खिडक्या, हे सांगायला नकोच. मी म्हटलं, "अरे, त्यांना वर्गाला बसायचंय, खिडकी कशाला?" तो म्हणाला, "असू दे. बघत बसतील." वॉचमनचा मुलगा खरंच बघत बसला. ही रॅम, हा प्रोसेसर, त्याच्यावर हा पंखा, ही हार्डडिस्क, असं तो खाली येणाऱ्या पोरांना काचेवर बोट ठेवून सांगायचा. एकदा कॉम्प्युटर सुरू होईना तेव्हा तो वर आला आणि बाळला म्हणाला, "काका, चोवीस पिनचा प्लग ढिला झालाय, बाहेरून दिसतोय." बाळ मला हे फोनवर सांगत होता. वाक्य पूर्ण करायला त्याला दोन प्रयत्न लागले.

आता त्याच्यावर एक निराळंच संकट आलं आहे. 2016 च्या आसपास टेम्पर्ड काचेची कॅबिनेटं निघाली आणि बघता बघता सगळी दुकानं त्यांनी भरली. कडेचा अख्खा पत्राच काचेचा. आत रंग बदलणारे पंखे, रंग बदलणारी रॅम, मोबाइलवरून हुकूम सोडायचा. कालचं पोर दुकानात जातं, पैसे टाकतं आणि खिडकी घेऊन येतं. हाताला एक ओरखडा नाही. शिवाय टेम्पर्ड काच कापता येत नाही. एकदा तापवून कडक केली की करवत लावताच तिचा चुरा होतो. बाळसारख्याला तिथे करण्याजोगं काही उरतच नाही. दुकानात अशा कॅबिनेटसमोर तो उभा राहतो, पत्रा वाजवायला बोट पुढे करतो, काच लागते आणि बोट मागे घेतो. "याला खिडकी म्हणत नाहीत," तो म्हणतो. "याला शोकेस म्हणतात."

हार मानणाऱ्यांतला तो नाही. हल्ली रविवारी तो भंगारवाल्यांकडे हिंडतो आणि त्याला हवं आहे नव्वदच्या दशकातलं दुधाळ पिवळं बंद कॅबिनेट, ज्याला एकही भोक पडलेलं नाही. आत सगळ्यात नवा प्रोसेसर घालायचा आणि बाहेरून मात्र सरकारी कचेरीतला जुना डबा दिसला पाहिजे, असा बेत आहे. जगात सगळ्यांनी झाकण उघडं टाकल्यावर हा आता झाकून ठेवणार. मी विचारलं, "म्हणजे या वेळी खिडकी नाही?" त्याने गॅलरीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "मागच्या बाजूला एक छोटीशी."

तुमच्याही घरात, मजल्यावर किंवा ऑफिसात असा एखादा बाळ असेलच. त्याच्याकडे जाल तेव्हा काही पथ्यं पाळा. खिडकीपाशी नेलं की निदान दोन मिनिटं आत बघा. काही कळलं नाही तरी "वायरिंग काय नीट केलंय" एवढं म्हणा. सगळ्यात जास्त वेळ त्याने त्याच्यावर घालवलेला असतो आणि ते त्याला कुणी सांगितलेलं नसतं. तावदानावर बोट टेकवू नका. 'हे रेडीमेड मिळत नाही का' हे तर चुकूनही तोंडातून काढू नका. आणि खर्च किती आला हे विचारायचंच असेल, तर तो तुम्हाला सोडायला जिन्यापर्यंत येईल तेव्हा विचारा. घरात सांगितलेला आकडा वेगळा असतो.